गुळावर पक्की झालेली यादी

डॉ. पांढरीपांडे यांनी ताटातल्या गुळाच्या भेलीचा एक खडा फोडला, अर्धा आपल्या तोंडात टाकला, उरलेला अर्धा डॉ. विमलताई गावंडे यांच्या हातावर ठेवला, आणि देवळासमोर बसलेला अख्खा तांडा एकदम गप्प झाला. एक तान्हं लेकरू मघापासून रडत होतं, तेही थांबलं. विमलताईंनी काही न कळून तो गूळ खाल्ला. शिक्षण माणसाला पुष्कळ काही शिकवतं, पण भुकेच्या वेळी हातावर पडलेलं खाऊ नये हे काही शिकवत नाही.

"झालं!" म्हणत बबिताने कपाळावर हात मारला.

"काय झालं?" सरांनी बोटं चाटत विचारलं. "साखर उतरली होती हो माझी. हातपाय लटपटायला लागले. आणि एकट्यानं खाणं बरं दिसत नाही, म्हणून मॅडमना दिला."

हा खुलासा नागपुरात चालला असता. दारव्ह्यापासून बारा किलोमीटरवरच्या या तांड्यात तो चालण्यासारखा नव्हता. ती भेली देवीलाल कारभाऱ्याच्या मुलाच्या सगाईची होती. संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून नवी सतरंजी आणि गूळ सकाळीच मांडून ठेवले होते, आणि शहरातून आलेल्या विद्वानांना तांड्याने मोठ्या मनाने त्याच सतरंजीवर बसवलं होतं. तांड्यात लग्न ठरतं ते गुळावर. नाईक आणि कारभारी समोर बसतात, दोन्हीकडची माणसं बोलतात, आणि बोलणं जुळलं की गूळ फोडून वाटतात. गूळ खाल्ला की बोलणं संपलं. त्यानंतर कोणी 'पण' म्हणायचं नसतं. पिढ्यानपिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडलेल्या या लोकांजवळ स्टॅम्पपेपर नव्हता. गूळ होता, आणि त्यावर दिलेला शब्द मोडलेला कोणी पाहिला नव्हता.

विद्वान इथे कशासाठी आले होते, तेही सांगायला हवं. बबिता राठोड ही या तांड्याची पहिली डॉक्टर. सुई टोचणारी नव्हे, प्रबंधवाली. ती ज्या समितीची सचिव होती, तिच्यापुढे काम होतं बावीस शब्दांची एक यादी करण्याचं. कपाशीची गुलाबी बोंडअळी सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. तिच्या पतंगाच्या बीजातच असा काही फेरफार करता येईल का, की तो नेहमीसारखा निम्म्या पिल्लांत न जाता जवळजवळ सगळ्यांत उतरेल आणि काही पिढ्यांत अळीच खुंटेल, असा विचार जगात चालू होता. अजून शेतात काहीच आलेलं नव्हतं. पण कधी काळी येण्याआधी लोकांना विचारायचं, आणि विचारण्याआधी कशाला काय म्हणायचं ते एकदा ठरवून घ्यायचं, असा दिल्लीचा शहाणपणाचा हुकूम होता. शब्द बावीस, तज्ज्ञ दोन, मुदत सहा महिने.

त्याला आता दोन वर्षं होत आली होती. नागपूरचे पांढरीपांडे सर आनुवंशशास्त्रातले. चौतीस वर्षं शिकवून त्यांनी अर्ध्या विदर्भाला जनुकं समजावली होती. अकोल्याच्या विमलताई कीटकशास्त्रातल्या. बोंडाचं भोक लांबून पाहून आतल्या अळीचं वय सांगायच्या, आणि फोडून पाहिलं तर ते बरोबर निघायचं. दोघंही आपापल्या जागी सोन्यासारखी माणसं. पण यादीत पहिलंच नाव या फेरफाराचं, त्याला सर 'जनुकचालन' म्हणत, ताई 'जनुकरेटा' म्हणत, आणि दुसऱ्याचा शब्द कानावर पडला की दोघंही चष्मा काढून पुसत. दोन वर्षांत पुसून पुसून काचा पातळ झाल्या, यादी जिथल्या तिथे राहिली.

वाढवून मिळालेल्या मुदतीचा आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचपर्यंत यादी दिल्लीला पोचली नाही, तर समिती बंद आणि समितीबरोबर बबिताची नोकरीही. नोकरीचं तिला एवढं नव्हतं. पण आजवर शेतात जे जे नवं आलं, ते आल्यावर तांड्याला कळलं. या वेळी आधी विचारतील, असं तिने बापाला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. यादी नाही तर विचारणंही नाही. तिचा बाप अमरसिंग तांड्याचा नाईक होता, आणि लेकीचा शब्द तो चाळीस घरांना सांगून बसला होता.

यादीचं शेवटचं वाचन शेतकऱ्यांसमोर व्हावं अशी अट होती. म्हणून आश्रमशाळेतून फळा आणला, शेजारच्या गावचे बबनराव बोलावले, कारण त्यांचं शेत तांड्याच्या शेताला लागून, आणि सकाळी दहाला वाचन सुरू झालं. एक वाजला तरी गाडी पहिल्या शब्दावर होती. सर आणि ताई एकमेकांकडे तोंड करून भांडत होते, फळ्याकडे दोघांचीही पाठ. शेवटी बबिताच्या आईला, जमनीला, राहवलं नाही.

"छोरी," ती लेकीला म्हणाली, "हे कायच्या नावाचं भांडून राह्यले? ती वस्तू तरी काय हाये?"

बबिताने सांगितलं, "याडी, लेकराले अर्धं मायचं येते, अर्धं बापाचं. बरोबर? आता समज बापाचं एक असं आलं, की ते अर्ध्याच नाही, साऱ्याच लेकराईत उतरते. अन् त्याईच्या बी साऱ्या लेकराईत."

"म्हंजे आठ आण्याचा वाटेकरी सोळा आणे घेऊन बसला," जमनी म्हणाली. "सोळा आणे वारसा म्हण नं मंग. त्यात भांडण कायचं?"

बबिताने केवळ खडू हातात होता म्हणून ते फळ्यावर लिहिलं. मग बायांना चेव आला. जो फेरफार काही पिढ्यांनी आपोआप संपतो, तो 'विझता'. जो संपत नाही, तो 'न विझता'. शास्त्रज्ञ ज्याला 'पर्यावरणीय मुक्तता' की काय म्हणत होते, ते 'सोडणं'. बावीसच्या बावीस शब्दांपुढे काही ना काही लिहून झालं, आणि नेमकी त्याच वेळी सरांची साखर उतरली.

तर तांडा गप्प होता. पहिला उठला देवीलाल कारभारी.

"नाईक, माह्या पोराच्या सगाईचा गूळ फुटला. बिना गोष्टीचा गूळ फुटणं चांगलं नसते. आता संध्याकाळी पाह्यण्याईले काय सांगू?"

"अन् या दोघाईची सगाई झाली का मंग?" मागून धनीबाईने विचारलं. धनीबाई ऐंशीच्या पुढची. तिला दात नव्हते, पण चावायची.

तांडा खदखदून हसला. विमलताईंना ठसका लागला. चिडल्या की त्यांचं विद्यापीठ गळून पडायचं आणि आतली अकोट तालुक्यातली शेतकऱ्याची पोर बाहेर यायची. "काहीतरीच काय बोलता वो बाई! मले दोन नातू हायेत!"

अमरसिंगने हात वर केला. तो आवाज कधी चढवत नसे. त्याला तशी गरजच पडली नव्हती. "सगाईले दोन घरं लागतात. हे काही घरं घेऊन आले नोयते, गोष्ट घेऊन आले होते. देवीलाल, गूळ बिना गोष्टीचा नाही फुटला. गूळ फुटला तवा गोष्ट कायची चालू होती?"

"शब्दाईची," देवीलाल म्हणाला.

"अन् तवा फळ्यावर काय होतं?"

सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं. सरांनी आणि ताईंनीही सकाळपासून पहिल्यांदाच पाहिलं. 'सोळा आणे वारसा' हे शब्द बबिताच्या ठसठशीत अक्षरात त्यांच्याकडे बघत होते.

"मंग ती यादी पक्की झाली," नाईकाने निकाल दिला. "देवीलाल, तुह्या गुळाले काही दोष नाही. एक चांगली गोष्ट पक्की झाली त्याच्यावर. संध्याकाळी दुसरी होईल."

देवीलालचा जीव भांड्यात पडला. सरांचा मात्र वर आला. "अहो, पण हे कच्चं होतं! हे काही आम्ही..."

"गूळ कोणं फोडला सायेब?"

"मी. पण..."

"'पण' नसते," चाळीस घरं एकदम म्हणाली.

सर तसे खिलाडू माणूस. ते हसले. "बरं. आणि पक्का शब्द मोडला तर?"

"जो दुसरा शब्द बोलन, त्यानं साऱ्या तांड्याले चहा पाजावा," अमरसिंग म्हणाला.

"म्हणजे आता मी जनुकचालन म्हणायचंच नाही?"

"एक चहा," देवीलालने बोट वर केलं.

"हे काय! जनुकचालन हा रूढ, शास्त्रीय..."

"दोन."

विमलताई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "सर, गप्प बसा नं. माझा जनुकरेटा मी कसा मुकाट्यानं सोडला, ते बघा."

"तीन."

इथून पुढे प्रकरण हाताबाहेर गेलं. चाळीस चुलींचा चहा म्हणजे दीडशे माणसं, आणि सकाळचं दूध तर डेअरीला गेलेलं. जीपवाला बादल दुधासाठी दारव्ह्याला पळाला. सगाईसाठी आणलेलं मोठं पातेलं चुलाण्यावर चढलं, त्यात सगाईचीच चहापत्ती पडली. ज्या बाया पाहुण्यांचा स्वयंपाक करणार होत्या, त्या चहा गाळायला बसल्या. सरांना भाकर आणि वांग्याची भाजी मिळाली, ती जमनीने आधीच करून ठेवली होती म्हणून.

पहिला चहा झाला, दुसरा झाला. तांड्याला चव लागली. आणि मग धनीबाई काठी टेकत पुढे आली, सरांसमोर बसली आणि अगदी गरीब गाईसारखं तोंड करून म्हणाली, "सायेब, मी म्हातारी. मले सकाळचं याद नाही राह्यत. त्याले तुम्ही आंधी काय म्हणत होते जी?"

चौतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. विद्यार्थ्याने शंका विचारली आणि उत्तर दिलं नाही, असं त्यांच्या आयुष्यात घडलं नव्हतं. "जनुकचालन, आजी," ते प्रेमाने म्हणाले, आणि जीभ चावली.

"चार!" देवीलाल ओरडला. पण या वेळी त्याच्या आवाजात आनंद नव्हता. पातेलं त्याचं, लाकडं त्याची, चहापत्ती त्याची, आणि सहाला त्याचे व्याही येणार होते. पाचवा चहा विमलताईंच्या नावावर चढला, कारण बबनरावांनी त्यांना सहज विचारलं, "ताई, ते सरायचं तर समजलं, तुमचं काय होतं?" बबनरावांना चहा आवडत नव्हता. पण कुणब्याची जात, शेजाऱ्यावर अन्याय झालेला त्यांना बघवत नसे. सरांचे झाले दोन-तीन तर ताईंचेही व्हायला पाहिजेत.

अडीच वाजले. सर आणि ताई तोंडाला कुलूप लावून बसले. बोलावं तर चहा, न बोलावं तर यादी. बबिता लॅपटॉप मांडीवर घेऊन घड्याळाकडे पाहत होती. फळ्यावरची यादी तशीच पाठवावी, तर दोन्ही तज्ज्ञांच्या सह्या हव्यात, आणि सोळा आणे वारशावर सही करण्यापेक्षा सर काशीला गेले असते.

"नाईकजी," सर प्रत्येक शब्द तपासून पाहत म्हणाले, "पक्की झालेली गोष्ट पुन्हा उघडता येते का?"

"येते नं. दोघंई एका आवाजात सांगा, काय चुकलं अन् काहून चुकलं. एकानं सांगतलं तर ते भांडण. दोघाईनं सांगतलं तर ती दुरुस्ती."

सरांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी सरांकडे. दोन वर्षांत ते एका आवाजात फक्त एकदाच बोलले होते, तेही यवतमाळच्या विश्रामगृहात पंखा बंद पडला तेव्हा.

"सोळा आणे..." सरांनी सुरुवात केली.

"...कधीच होत नसतात," ताईंनी पुरं केलं. "काही पतंग दाद देत नाहीत. कुठे बारा आणे जाईल..."

"कुठे पंधरा," सर म्हणाले. "सोळा म्हणणं म्हणजे लोकांना फसवणं आहे."

"फसवणं आहे!" दोघं एकदम म्हणाले, आणि दचकून एकमेकांकडे पाहत राहिले.

जमनी चहाचं फडकं पिळत उभी होती. तिला राग आला नाही. ती विचारात पडली. "पण आठ आण्याच्या वर तर जाते नं?"

"ते जातंच. तीच तर त्याची खूण आहे."

"मंग 'आठ आण्यांवरचा वारसा' म्हणा."

सर उठले, फळ्याजवळ गेले आणि स्वतःच्या हाताने 'सोळा' पुसून 'आठ आण्यांवरचा' असं लिहिलं. "बाई," ते जमनीला म्हणाले, "याची व्याख्या करायला मला चार ओळी लागत होत्या, आणि तरी पोरांना कळत नव्हती. तुम्ही कुठवर शिकलात?"

"कुठवर कायची शिकते? कापूस येचला मी."

तिथून काम सुरू झालं. कोणाला सांगून खोटं वाटेल, पण जे दोघं एका खोलीत बसत नव्हते ते फळ्यासमोर मांडीला मांडी लावून बसले. भांडायचे, पण आता फळ्याकडे तोंड करून. एका शब्दाला एकाने हरकत घेतली, की दुसरा आधी ती नीट ऐकून घ्यायचा, कारण हरकत दोघांची झाल्याशिवाय ती हरकतच नव्हती. आणि दुसऱ्याची हरकत नीट ऐकली, की निम्म्या वेळा ती खरी निघते, हा शोध दोघांनाही उतारवयात लागला.

नववा शब्द होता 'क्षेत्रचाचणी'. याच्यावर मागे तीन बैठका मोडल्या होत्या. बबनराव खाकरले. "सायेब, मी अडाणी माणूस. पण तुमची चाचणी जाळीच्या आत हाये, का उघड्यावर? माह्यं शेत धुऱ्याले लागून हाये, म्हून विचारतो."

"जाळीतच, अर्थात!" सर म्हणाले.

"उघड्यावर, अर्थात!" ताई म्हणाल्या.

विमलताईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "सर, म्हणजे तुम्ही दोन वर्षं म्हणत होतात की चाचणीला काही धोका नाही, ते जाळीतल्या चाचणीबद्दल?"

"मग! आणि तुम्ही म्हणत होतात की दहा वर्षं चाचणीचं नाव काढू नका, ते..."

"उघड्यावरच्या."

"अहो, मग मी तेच म्हणतोय!"

"मीही तेच म्हणून राह्यले!"

एका शब्दाचे दोन शब्द झाले, 'जाळीतली चाचणी' आणि 'उघड्यावरची चाचणी', आणि दोन वर्षांचं वैर पाच मिनिटांत मिटलं. बबनरावांनी फक्त एवढंच विचारलं, की हे विचारायला त्यांना आधी काहून बोलावलं नाही.

आकडा बावीसच राहावा म्हणून एक शब्द काढायचा होता. तो नाईकाने काढला. यादीत 'परत बोलावणं' असा एक शब्द होता. सोडलेला फेरफार नकोसा झाला तर तो मागे घेण्यासाठी.

"सुटलेला बैल हाक मारली तर परत येते," अमरसिंग म्हणाला. "पतंग येते का?"

"तसा नाही येत," ताईंनी कबूल केलं. "त्याच्यामागे दुसरा एक फेरफार सोडावा लागतो, पहिल्याला अडवणारा."

"मंग ते परत बोलावणं नोय. ते आणखी एक सोडणं हाये. अन् सोडणं तर तुमच्या यादीत हायेच."

सर आणि ताईंनी एकमेकांकडे पाहिलं आणि एका आवाजात म्हणाले, "खोडा."

पावणेपाचला यादी पुरी झाली. बाहेर सहाव्या चहाचं पातेलं उतरलं होतं, पण तो दंडाचा नव्हता. देवीलालने आपणहून केला होता. बबिताने बावीस शब्द भराभर टाइप केले. दोघांनी पडद्यावरच बोटाने सह्या केल्या, कोणी आधी करायची यावर वाद न घालता. साक्षीदार म्हणून नाईकाची सही हवी होती. अमरसिंगने चष्मा लावला आणि यादी वाचायला घेतली. तो सहीपुरता शिकलेला नव्हता, सातवी शिकलेला होता, आणि वाचायचं म्हणजे पुरतं वाचायचं अशी त्याची रीत होती. बबिता घड्याळाकडे बघत होती. दहा मिनिटं उरली.

"बबिता," तो म्हणाला, "याच्यात आमचं 'नाही' कुठी हाये?"

"काय बा?"

"सोडणं हाये, पसरणं हाये, विझणं हाये. एकोणिसावी 'संमती' हाये. संमती म्हंजे हो. आम्ही नाही म्हटलं, तर त्याले काय म्हणाचं?"

"संमती नसली, म्हणजे नाहीच की," सर म्हणाले.

"मंग लिहा नं, सायेब. जे लिहिलं नाही ते उद्या कोणाले दिसत नाही. आमी गप्प राह्यलो तर तुमच्याकडं त्याले काय म्हणतात?"

सरांना कितीतरी अर्जांवरचे शेरे आठवले असावेत. "हरकत आली नाही, असं म्हणतात," ते हळूच म्हणाले.

बबिताला आठवलं, दिल्लीने बावीस शब्द मागितले होते. तेविसावा टाकला आणि कोणी म्हणालं की यादी नमुन्याप्रमाणे नाही, तर सगळंच गेलं. नोकरी, समिती, आणि आज दिवसभर इथे जे झालं तेही. बापाला तिने एवढंच सांगितलं होतं की विचारतील. विचारल्यावर नाही म्हणता येईल की नाही, हे तिनेही कुठे लिहिलं नव्हतं. दोन वर्षं तिच्याच हातात होती ती यादी. तिला स्वतःची लाज वाटली.

सहा मिनिटं उरली होती. तिने तज्ज्ञांकडे पाहिलं.

"टाका," दोघं म्हणाले. याला कोणी गूळ फोडला नव्हता.

व्याख्या विमलताईंनी सांगितली, सरांनी एक शब्द गाळला, नाईकाने एक वाढवला, आणि बबिताने टाइप केलं: 'नाही: गावाने बसून घेतलेला निर्णय. कारण विचारता येते, पण कारण पटले नाही तरी निर्णय बदलत नाही. गप्प राहणे म्हणजे हो नव्हे.' नाईकाने सही केली आणि चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी यादी गेली. तांड्यात मोबाइलची रेंज देवळाच्या पायरीवरच येते, त्यामुळे बबिता लॅपटॉप डोक्यावर धरून पायरीवर उभी होती आणि खाली दीडशे माणसं श्वास रोखून. 'पोचली' असं दिसल्यावर धनीबाईने विचारलं की आता याच्यावर चहा आहे का.

सहाला देवीलालचे व्याही आले. सर आणि ताई लगेच निघणार होते, ते सगाई होईपर्यंत थांबले, कारण जमनीने त्यांना जाऊच दिलं नाही. जाताना सरांनी तिला वाकून नमस्कार केला. ती ओशाळली आणि म्हणाली, "असं काय करता बाप्पा, मोठे माणसं तुमी."

तिसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या पायरीवर बसलेल्या अमरसिंगचा फोन वाजला. दिल्लीचे साहेब होते. बबिता शेजारीच बसली होती. बापाच्या चेहऱ्यावरून काही कळतं का ते बघत होती, आणि त्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नसे. साहेब हिंदीतून बोलत होते आणि फारच खूश होते. अशी साफ यादी कुठूनच आली नव्हती. बावीसच्या बावीस मंजूर. तेविसावाही मंजूर, आणि तो आता बाकीच्या राज्यांच्या याद्यांतही टाकणार होते. समिती चालू राहील. बबिताने डोळे पुसले.

"और नायकजी," साहेब म्हणाले, "हम लोग खुद आ रहे हैं. पंद्रह अफसर, मीडिया भी रहेगा. बुधवार को आपके तांडे में बड़ा कार्यक्रम रखा है. सब लोगों को बिठाके रखना."

अमरसिंगने क्षणभर समोरच्या शेताकडे पाहिलं. शेवटची वेचणी राहिली होती, कापूस बोंडातून लोंबत होता, आणि बुधवारी सगळ्या बाया शेतात जाणार होत्या.

"नाही," तो म्हणाला.

बबिताने बापाचा हात धरला. दिल्लीच्या साहेबांना असं उत्तर सवयीचं नसावं. त्यांनी कारण विचारलं. अमरसिंगने ते सांगितलं. साहेब म्हणाले की वेचणी एक दिवस पुढे ढकलता येईल, एवढा मोठा कार्यक्रम आहे. अमरसिंग काहीच बोलला नाही. मग फोनवर कागदांची सळसळ ऐकू आली. साहेब काहीतरी उलटून पाहत असावेत. बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला, तोच, पण आधीपेक्षा पुष्कळ मऊ.

"तो फिर नायकजी, गुरुवार को चलेगा क्या?"

"पूछ के बताता हूँ," अमरसिंग म्हणाला, फोन खिशात ठेवला, आणि विचारायला शेतातल्या बायांकडे निघाला.